लग्नघरातील बालगीत आणि डीजे

वऱ्हाड या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक आपल्या या प्रांताचा आणि दुसरा लग्नाला निघालेल्या मंडळींचा. या दोहोंचे मूळ एक की भिन्न, या वादात आम्ही शिरत नाही. परंतु लोकपरंपरेने त्यांची सांगड केव्हाच घालून ठेविली आहे. अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानतात, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णाने तिला नेले, ही कथा येथे घरोघर सांगितली जाते. तेव्हा लग्न, वरात आणि वाजंत्री यांविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार अमरावती-अकोल्याच्या माणसाला जन्मतःच मिळालेला आहे, असे म्हटल्यास कोणी रागावू नये. आमचा आजचा विषय या वाजंत्रीच्या अगदी अलीकडच्या अवताराचा, म्हणजे डीजेचा आहे; आणि त्यातही एका लहानशा प्रश्नाचा. लग्नात आणि घरगुती समारंभात डीजेवर लहान मुलांची गाणी वाजवावीत काय, आणि वाजवायची तर कशी?

प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु ज्या घरात लग्न आहे त्या घरात पाच-पंचवीस लेकरे असतातच, आणि हळदीच्या संध्याकाळी डीजेसमोर सर्वांत आधी कोण जमते, हे ज्याने पाहिले आहे त्याला तो किरकोळ वाटणार नाही. मोठी माणसे अजून पाहुण्यांच्या चहापाण्यात असतात. पोट्टे मात्र केव्हाच कर्ण्यांच्या पुढ्यात जाऊन उभे असतात. म्हणजे या वाद्याचा पहिला श्रोता मूल हाच आहे. त्याच्यासाठी आपण काय वाजवतो आणि त्याच्या कानात काय ओततो, याचा विचार करणे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

प्रथम डीजे या शब्दाकडे पाहू. मूळ इंग्रजी शब्द डिस्क जॉकी. डिस्क म्हणजे तबकडी आणि जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरचा स्वार. तबकड्यांचा लगाम ज्याच्या हाती तो डिस्क जॉकी. पाश्चात्त्य देशांत हा शब्द माणसाचे नाव आहे. आपल्याकडे मात्र त्याने चमत्कारिक वळण घेतले. ‘डीजे लावला’, ‘डीजे बंद पडला’, ‘डीजे मागवला’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे मनुष्य नसून मालगाडीवर रचलेली कर्ण्यांची भिंत असते. त्या भिंतीमागे जो तरुण बसलेला असतो त्याला आपण ‘ऑपरेटर’ म्हणतो. नावातून माणूस गेला आणि यंत्र उरले. बालगीतांचा प्रश्न हा एका परीने या हरवलेल्या माणसाला परत बोलावण्याचा प्रश्न आहे. कारण मोठ्या आवाजाची भिंत आपोआप गाजते, पण बालगीत आपोआप वाजत नाही. ते कोणीतरी पाहून, समजून वाजवावे लागते.

डीजेचा पूर्वज म्हणजे लाऊडस्पीकरवाला. आपल्या गावांतून विसाव्या शतकाच्या मध्यास लग्नघरावर किंवा लिंबाच्या फांदीवर कर्णा बांधून तबकड्या वाजवण्याची पद्धत होती. ती तबकडी मिनिटाला ७८ फेरे फिरे आणि तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. त्यामुळे दर तीन मिनिटांनी त्या गृहस्थाला उठावे लागे, तबकडी उलटावी किंवा बदलावी लागे आणि मधूनमधून सुईही नवी घालावी लागे. ही अडचणच होती. पण तिचा एक लाभ होता. दर तीन मिनिटांनी तो मांडवाकडे एकदा नजर टाकी. पंगत बसली आहे काय, म्हाताऱ्या बायका आल्या आहेत काय, मुले पेंगू लागली आहेत काय, हे पाहून तो पुढचे गाणे निवडी. आज चार-चार तासांची यादी आधीच लावून ठेवता येते. सोय झाली, पण नजर टाकण्याचे कारण उरले नाही. जो ऑपरेटर आजही नजर टाकतो तो आपल्या धंद्यातला खरा जाणकार समजावा.

आता बालगीतच का, याचे उत्तर देऊ. लग्नाच्या मांडवात तीन-चार पिढ्या एकत्र बसतात, आणि सिनेमाचे गाणे त्या पिढ्यांना एकत्र आणण्याऐवजी बहुधा वेगळे करते. आजोबांचे गाणे नातवाला संथ वाटते आणि नातवाचे आजोबांना कर्कश. बालगीताचे तसे नाही. ‘नाच रे मोरा’ हे गाणे १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटातील आहे. ग. दि. माडगूळकरांनी ते लिहिले, पु. ल. देशपांड्यांनी त्याला चाल लावली आणि आशा भोसले यांनी ते गायिले. त्या साली जी मुले पाच वर्षांची होती ती आज पंचाहत्तरी ओलांडून गेली आहेत. आणि त्यांची पतवंडे आज बालवाडीत तेच गाणे हात पसरून म्हणत आहेत. मंगेश पाडगावकरांचे ‘सांग सांग भोलानाथ’ आणि राजा मंगळवेढेकरांचे चॉकलेटच्या बंगल्याचे गाणे, ही दोन्ही मीना खडीकर यांच्या चालींनी घरोघर गेली. १९८३ सालच्या ‘मासूम’ या हिंदी चित्रपटातील गुलजारांचे लाकडी घोड्याचे गाणे मराठी मुलांनीही आपलेसे केले. शिवाय १९६७ साली बालभारतीची स्थापना झाल्यापासून शाळेच्या पुस्तकातील कविता हा तर साऱ्या महाराष्ट्राचा सामाईक ठेवा झाला. मांडवातील पुसदचा पाहुणा आणि पुण्याचा पाहुणा एकमेकांना ओळखत नसतील, पण दुसरीच्या पुस्तकातली कविता दोघांनाही येते.

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नाही. दाव्होस येथील व्हेर्नर थॉमस नावाच्या एका स्विस वादकाने १९५०च्या दशकात बदकांच्या नाचाची एक धून बसविली. चोच मिटवावी-उघडावी, पंख हलवावेत, शेपटी हलवावी, एवढाच तिचा नाच. आज युरोप-अमेरिकेतील लग्नांत आजीपासून नातवापर्यंत सर्वजण तो नाचतात. कोरियातील एका मंडळीने शिबिरांतून मुले म्हणत असलेल्या एका जुन्या गाण्याला २०१६ साली नवा साज चढविला. तेच ‘बेबी शार्क’. नोव्हेंबर २०२० मध्ये ते यूट्यूबवरील सर्वाधिक पाहिलेले चित्रगीत ठरले, आणि अकोल्याच्या वाढदिवसांतही ते पोचले. त्याचे यश कशात आहे? शब्द थोडे, चाल चार पावलांची, आणि प्रत्येक कडव्याला हातांची एक खूण. कुटुंबातील एकेक माणूस त्यात क्रमाने येतो. मुलांना काय जमते हे ओळखून ते गाणे बांधलेले आहे, एवढेच त्याचे रहस्य.

परंतु बालगीताचा आणखीही एक उपयोग होतो, आणि त्याविषयी सावध असावे. इंग्लंडात १९९१-९२ च्या सुमारास मुलांच्या दूरचित्रवाणीवरील आवाज आणि धुना उचलून त्यांवर धडाक्याची नृत्यगीते बनविण्याची लाट आली होती. ‘द प्रॉडिजी’ या मंडळीचे ‘चार्ली’ हे त्यांपैकी एक. ही गाणी खूप गाजली; पण ती रात्रीच्या नाचघरांतील तरुणांसाठी होती, तेथे एकही मूल नव्हते. मुलाचे गाणे मोठ्यांच्या गमतीसाठी वापरावे, यात पाप नाही. मात्र मांडवात मुले समोर उभी असताना त्यांचे गाणे घेऊन, त्याचे दोन शब्द कापून, त्यावर ठोके घालून ते मोठ्यांच्या धिंगाण्यासाठी वाजवावे, हे आम्हांस मुलाच्या हातचे खेळणे काढून घेऊन आपणच खेळत बसण्यासारखे वाटते. मूल आपले गाणे ओळखून धावत येते, आणि पहिल्याच ओळीनंतर ते गाणे त्याचे राहत नाही. मग ते गोंधळून बाजूला उभे राहते. हा गोंधळलेला चेहरा पाहिला की डीजेवर बालगीत कसे वाजवू नये ते कळते.

मग ते कसे वाजवावे? आमच्या मते तीन मापे सांभाळावीत, आणि तिन्ही मुलाच्या अंगाने घ्यावीत. पहिले माप गतीचे, दुसरे पट्टीचे, तिसरे आवाजाचे.

गतीचे माप असे. डीजे मंडळी गाण्याची गती मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांनी मोजतात. नाचाची गाणी बहुधा १२० ते १३० ठोक्यांची असतात, आणि एका गाण्यातून दुसऱ्यात शिरताना ठोका तुटू नये म्हणून दोन्हींची गती सारखी करून घेतात. समजा, एखादे बालगीत १०० ठोक्यांचे आहे आणि ते १२८ वर नेले. तीन मिनिटांचे गाणे दोन मिनिटे वीस सेकंदांतच संपेल. नाचणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. मुलाच्या पायालाही काही वाटत नाही. कारण लहान मुलांच्या टाळीची स्वाभाविक गती मोठ्यांहून जलदच असते. अडते ती जीभ. चार वर्षांच्या मुलाला शब्द जुळवून म्हणायला वेळ लागतो. गाणे पुढे पळाले की ते म्हणणे सोडून देते, आणि म्हणणे सुटले की बालगीतातील अर्धा आनंद गेला. म्हणून पाय जलद असले तरी जीभ सावकाश आहे, हे ध्यानात ठेवून बालगीत मूळ गतीनेच वाजवावे. त्याआधीचे गाणे संपू द्यावे, दोन क्षण शांतता ठेवावी आणि मग सुरू करावे. ठोका तुटला तर काही बिघडत नाही. उलट ती शांतता मुलांना बोलावण्याच्या कामी येते.

पट्टीचे माप पेटी वाजवणाऱ्यास लगेच समजेल. तबकडी जलद फिरविली की गाणे नुसते जलद होत नाही, त्याचा स्वरही चढतो. गती सुमारे सहा टक्क्यांनी वाढली की पेटीवरील एक पट्टी चढते, काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून. वरच्या उदाहरणात गाणे चार पट्ट्यांहून अधिक वर जाईल, आणि गाणारी बाई एकाएकी चिमणीसारखी बोलू लागेल. आजच्या यंत्रांत गती बदलूनही स्वर जागच्या जागी ठेवण्याची कळ असते. जाणता ऑपरेटर ती लावतो. पण खरा मुद्दा याहून पुढचा आहे. लहान मुलाच्या गळ्याचा पल्ला आखूड असतो. पाच-सहा स्वरांत ते सुखाने फिरते. त्यावर जावे लागले की ते ओरडते, गात नाही. चित्रपटातली बालगीते पुष्कळदा तयार गळ्याच्या गायिकांनी गायिलेली असतात, त्यामुळे त्यांचा अंतरा मुलांना पेलत नाही. तेव्हा मुलांनी नाचावे असे वाटत असेल तर चित्रपटाचे गाणे चालेल. पण मुलांनी गावे असे वाटत असेल तर बालवाडीत म्हणतात तसे लहान पल्ल्याचे गाणे निवडावे. या दोन याद्या निराळ्या ठेवणे शहाणपणाचे.

तिसरे माप आवाजाचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. कारण पहिली दोन चुकली तर गाणे बिघडते, हे चुकले तर कान बिघडतो. आवाज डेसिबल या मापाने मोजतात. या मापाची गंमत अशी की त्यात तीनची भर पडली की आवाजातील शक्ती दुप्पट होते, आणि तो आवाज सुरक्षितपणे ऐकण्याची मुदत निम्मी होते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, आणि मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल, अशी मर्यादा सुचविली आहे. आता साधा हिशेब करा. ७५ डेसिबलला ४० तास, तर ७८ ला २० तास, ८१ ला १० तास. असे उतरत गेले की ९९ डेसिबलला आठवड्याचा सारा कोटा नऊ-साडेनऊ मिनिटांत संपतो. साडेनऊ मिनिटे म्हणजे तीन बालगीते. कर्ण्यांच्या भिंतीपुढे ९९ डेसिबल ही काही अजब गोष्ट नव्हे. म्हणजे आपल्या लाडक्या नातवाला आपण कौतुकाने भिंतीपुढे नाचायला उभे करतो तेव्हा तीन गाण्यांत त्याच्या कानांचा आठवडा खर्ची पडतो. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसल पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आणि मूल तक्रार करीत नाही. कारण त्याला मजा येत असते.

उपाय अवघड नाही. मोकळ्या जागेत एका कर्ण्यापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. कर्ण्यांची भिंत असली, किंवा पत्र्याच्या छपराचा हॉल असला, तर तो इतका उतरत नाही. म्हणून मोठी भिंत दुरून वाजविण्यापेक्षा मुलांच्या चौकापाशी एक लहानसा कर्णा मंद लावणे बरे. दुसरे असे की अठरा इंची मोठ्या पेट्यांचे काम छातीत धडकणारे खालचे नाद देणे हे आहे. स्त्रियांचा आणि मुलांचा गाता आवाज तेथे राहतच नाही, तो त्याहून बराच वर असतो. त्या पेट्या बालगीतापुरत्या बंद केल्या तर गाण्याचे काहीही नुकसान होत नाही, उलट शब्द स्वच्छ ऐकू येतात. आवाजाची कसोटी साधी आहे. हातभर अंतरावरच्या मुलाशी ओरडल्याशिवाय बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर आवाज जास्त आहे, त्याला यंत्र लावून मोजण्याची गरज नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर कर्णे वाजवू नयेत हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली पक्का केला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मुलांचा दंडक त्याहून आधीचा आहे. नऊच्या सुमारास लेकरे आईच्या खांद्यावर झोपी जातात. त्यांची गाणी संध्याकाळीच, जेवणापूर्वी, व्हावीत हे उत्तम.

येथवर आम्ही तयार तबकडीच्या गाण्यांविषयी बोललो. परंतु वऱ्हाडाजवळ मुलांच्या गाण्यांचे एक स्वतःचे भांडार आहे, आणि ते कोणत्याही यादीत सहसा सापडत नाही. ते म्हणजे भुलाबाईची गाणी. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली घरोघर जमून भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्तींपुढे टिपऱ्यांच्या तालावर ही गाणी म्हणत आल्या. शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा आणि वाटून खायचा. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडल्याची ही वऱ्हाडी-खानदेशी बहीण. पल्ला लहान, चाल एकच, ओळीला ओळ साखळीसारखी जोडलेली. आम्ही वर सांगितलेली पहिली दोन्ही मापे या गाण्यांना कोणी न शिकवता साधली आहेत, कारण ती मुलींनीच आपल्या मापाने घडविली.

आणि त्यांचा विषय काय? सासू, नणंद, दीर, माहेराहून येणारा मुऱ्हाळी, सासरचे काम आणि माहेरची ओढ. आठ-दहा वर्षांची मुलगी हसत हसत सासराची गाणी म्हणते, तिला त्याचा पुरता अर्थ कळत नाही. आणि पंधरा-वीस वर्षांनी हळद लागून त्याच घरात बसते तेव्हा तो अर्थ समोर उभा राहतो. लग्नघराला याहून शोभणारे बालगीत दुसरे कोणते असणार? परंतु ते डीजेवर मिळत नाही. ते वधूच्या आत्यांजवळ, मावश्यांजवळ आणि आजीजवळ आहे. अलीकडे संध्याकाळचा मुलींचा वेळ शिकवणीत आणि पडद्यापुढे जातो, भुलाबाई पुष्कळ घरांतून महिन्याची पाच दिवसांवर आणि पाचांची एका दिवसावर आली आहे. शाळा आणि महिला मंडळे तिचे कार्यक्रम करतात, हे चांगलेच आहे. पण गाणे टिकते ते कार्यक्रमाने नव्हे, प्रसंगाने टिकते. आणि लग्नाइतका हमखास प्रसंग दुसरा नाही.

तेव्हा आमची सूचना अशी की हळदीच्या संध्याकाळी डीजेने एकदा आवाजाची कळ पार खाली ओढावी, ध्वनिक्षेपक वधूच्या आजीच्या हाती द्यावा आणि दोन टिपऱ्या मुलींच्या हाती द्याव्यात. मांडवातल्या कोण्या पोट्टीने ‘भाऊ, आमचं गानं लावा ना’ म्हटले तर तिलाच पुढे बोलवावे. आजी एक ओळ म्हणेल, मुली ती उचलतील. चार-सहा मिनिटांचे काम आहे. ऑपरेटरला त्यात मान आहे, कमीपणा नाही. कारण केव्हा वाजवावे हे पुष्कळांना कळते, केव्हा थांबावे हे फार थोड्यांना. ज्याला ते कळते त्याला लोक पुढच्या लग्नाला नावाने बोलावतात, आणि मग डीजे हा शब्द पुन्हा माणसाचा होतो.

हेच वाढदिवसाला आणि संक्रांतीनंतरच्या बोरनहाणालाही लागू आहे. बोरनहाणात बोरे, चुरमुरे आणि रेवड्या डोक्यावरून ओततात तेव्हा उत्सवमूर्ती जेमतेम वर्षा-दोन वर्षांची असते. तेथे तर यंत्राची गरजच काय? जमलेल्या बायकांनी एक गाणे म्हटले तरी घर भरते. आणि यंत्र आणलेच तर बाळ दचकते की टाळी वाजवते, एवढे पाहावे. बाळाचा चेहरा हेच तेथले डेसिबलचे माप.

यावर कोणी म्हणेल की ऑपरेटर ऐकत नाहीत, आणि तरुण मंडळींना जोराचेच हवे असते. त्यांत तथ्य आहे. म्हणूनच ही गोष्ट सुपारी देतानाच बोलून घ्यावी. किती पेट्या, किती तास आणि किती पैसे, हे आपण ठरवतोच. त्याच वेळी अर्धा तास मुलांचा, त्यात कोणती दहा गाणी, मोठ्या पेट्या बंद आणि एकदा आजीला ध्वनिक्षेपक, एवढ्या चार गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. याला एक पैसा जास्त पडत नाही. त्या अर्ध्या तासानंतर तरुणांना त्यांचे गाणे आहेच, आणि तोवर लेकरे जेवायला बसलेली असतील.